शेषरावची पिशवी आणि माझे विलायती पिक्चर

हसायचं नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! आमच्या मेडशीच्या बस स्टँडवरचा चहावाला अजून मला लांबून येताना पाहिलं की तोंड फिरवून हसतो आणि माझ्या चहात साखर टाकायची विसरतो. मीही तो तसाच पितो. कोणत्या तोंडानं बोलू? मी माती खाल्ली ती त्याच्याच दुकानासमोर.

आधी माझा शौक सांगावा लागेल. मला जुने विलायती पिक्चर जमवायची खोड आहे. थांबा, तसले नाहीत हो! आमच्याकडे ‘इंग्रजी पिक्चर’ म्हटलं की लोक आधी खिडकीकडे बघतात आणि मग आवाज खाली आणतात. माझे पिक्चर अगदी सोवळ्यातले. ब्रिटिश, काळेपांढरे, आपल्या आजोबांच्या वेळचे. धुकं, टोप्या, छत्र्या आणि दर थोड्या वेळानं चहा.

तिकडे काही वेडे लोक आहेत. ते या पिक्चरची सडकी रिळं कुठून कुठून शोधून काढतात, एकेका चित्रावरचे ओरखडे पुसतात, डाग काढतात, आवाजातली खरखर घालवतात. मग तो नवाकोरा झालेला जुना पिक्चर तबकडीवर उतरवून, जाड पुठ्ठ्याच्या देखण्या डब्यात, सोबत छोटंसं पुस्तक ठेवून विकतात. आणि माझ्यासारखे दुसरे वेडे ते विकत घेतात. गंमत म्हणजे तिकडची तबकडी इकडच्या यंत्रात चालतच नाही. मग पुतण्याच्या मागे लागून कुठलीही तबकडी चालवणारं यंत्र मागवलं.

“लोक जुनं देऊन नवं घेते,” माझी बायको सुनंदा म्हणते, “अन् तुमी नवे पैसे देऊन जुनं घेता. थेबी बिनरंगाचं!”

दुसरी खोड म्हणजे संशय. माझं औषधाचं दुकान आहे. कुलूप लावलं की ओढून बघतो, चार पावलं जातो, परत येऊन ओढून बघतो. कुणी माझ्याशी जास्त गोड बोललं की माझा हात आपोआप खिशावर जातो. आता अशा माणसाच्या घरात असला अनमोल खजिना! झोप कुठून लागणार?

आणि या खजिन्याचा एकच वाटेकरी होता, शेषराव. माझा शेजारी, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. रविवारी जेवणं झाली की तो यायचा, माझ्या बाजूच्या खुर्चीत बसायचा आणि आम्ही दोघं पिक्चर पाहायचो. अख्ख्या वाशिम जिल्ह्यात माझ्यासोबत बसून हे पिक्चर पाहणारा दुसरा माणूस मला सापडला नव्हता. एकट्यानं पाहिलं तर मला त्यात काही मजा येत नाही. त्यामुळे शेषराव म्हणजे माझा अर्धा शौकच समजा.

तर झालं असं, की माझ्याकडे एक नवीन डबा आला. समुद्रातल्या दीपगृहाच्या रखवालदाराचा पिक्चर. त्याच्यासाठी मी किती वाट पाहिली ते मलाच ठाऊक. शेषरावनं तबकडी हातात घेतली, उजेडात फिरवली आणि विचारलं, “बापू, हे किती वर्स टिकते रे?”

“जपलं त आपल्यापेक्षा जास्त टिकते.”

“अस्सं? अन् घासली गेली त?”

“मंग अटकते. काहून इचारून राह्यला?”

“काई नाई. सहज.”

सहज! अहो, सहज कुणी असं विचारतं का? माझ्या डोक्यात लगेच पाल चुकचुकली. त्यात पुढच्या रविवारी हा गायब. म्हणे अकोल्याला पोरीकडे गेला. परत आला तर कशाला गेला, काय नेलं, काही सांगेना. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, की हा काखेत पिशवी घट्ट धरून अकोल्याच्या गाडीत चढतोय. पिशवी अशी धरली होती, की आत काहीतरी नाजूक असणार. अकोल्यात जुन्या वस्तूंचे किती दुकानदार आहेत! माझं गणित चुटकीसरशी जुळलं.

मग मी एक डाव खेळलो. घरात लोखंडी पेटीत जुन्या सीड्या पडल्या होत्या. साळ्याचं लग्न, पुतणीचं बारसं, गृहप्रवेश. तशा तुमच्याही घरात असतील, आणि लग्नानंतर कुणी एकदाही पाहिल्या नसतील. मी माझ्या विलायती तबकड्या काढून या लग्नाबारशांच्या पाकिटांत घातल्या, आणि लग्नं-बारशी नेऊन विलायती डब्यांत भरली. फळीवर डबे जसेच्या तसे. चोर आला तर माझ्या साळ्याची वरात घेऊन जाईल! मी स्वतःवरच इतका खूष झालो, की एकटाच हसलो. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सुनंदालासुद्धा नाही. तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, असा माझा तेव्हा समज होता.

शेषराव आला की मी त्याला फळीजवळ मुद्दाम एकटं सोडायचो आणि आतल्या खिडकीच्या फटीतून पाळत ठेवायचो. तो बिचारा छताकडे बघत कान कोरत बसायचा. मला वाटायचं, बघा, किती पोचलेला आहे!

आणि एके दिवशी, सकाळी दुकान उघडण्याआधी, रखवालदाराची तबकडी काढायला म्हणून पेटी उघडली. पेटीत स्वेटर होते. शाल होती. पाकिटं नव्हती. एकही नाही!

मी स्वेटर झटकून पाहिले, शाल उलगडून पाहिली. तुम्ही म्हणाल, बायकोला विचारायचं ना! कसं विचारू? तिच्या भावाचं लग्न मी पाकिटातून उपटून विलायती डब्यात कोंबलंय, हे आधी सांगावं लागलं असतं. आणि विचारायची गरजच काय होती? चोर मला माहीतच होता.

तेवढ्यात खिडकीतून दिसला. शेषराव. काखेत पिशवी. स्टँडकडे निघालेला.

मी पायात येतील त्या चपला घातल्या (एक सुनंदाची निघाली, ते नंतर कळलं) आणि धावत सुटलो. स्टँडवर अकोल्याची गाडी उभीच होती. शेषरावनं एक पाय पायरीवर ठेवला होता.

“थांब! उतर खाली!”

“बापू? काय झालं रे? घरी बरं हाय ना?”

“पिशवी उघड.”

“कायले?”

“उघड म्हनतो ना! पोरीकडं जातो म्हनतो अन् माल इकतो, मले काय समजत नाई?”

गाडीतली माणसं खिडक्यांतून डोकावली. चहावाल्यानं गाळणं तसंच हातात धरलं. कंडक्टर ओरडला, “ओ काका, भांडन करा की गाडी सोडा!” मी पिशवीला हात घातला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गोल, पातळ, एकावर एक रचलेलं काहीतरी. बस्स! बोटांना पुरावा लागला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “हे पाहा! माझ्याच तबकड्या!” आणि कागद टराटरा फाडला.

उडदाचे पापड होते.

होते म्हणजे, मी फाडेपर्यंत पापड होते. त्यानंतर स्टँडवर सगळा चुरा झाला. एक कुत्रा आला आणि शांतपणे खायला लागला.

शेषराव त्या चुऱ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “पोरीले दिवस गेले रे बापू. आईच्या हातचेच पापड पायजेत म्हने. तिच्या सासरचे म्हनत होते, एवढ्यात कोनाले सांगू नोका, म्हनून गपचूप नेत होतो. तुले काय वाटलं?”

“माझ्या सीड्या…” मी पुटपुटलो.

“सीड्या?” चहावाला म्हणाला. “थ्या प्रल्हादभाऊच्या वावरात लटकून राह्यल्या, त्या त नाई ना?”

“हाव ना,” गाडीचा ड्रायव्हर आतून बोलला, “रोज वळणावर डोळ्यात चमकते. सांगा तेले, जरा मांगं बांध म्हना.”

प्रल्हाद माझा धाकटा भाऊ. त्याचं वावर रस्त्याला लागून आहे. मी गेलो. ज्वारी हुरड्यावर आलेली, आणि सगळ्या वावरात सुतळीला टांगलेले माझे विलायती पिक्चर वाऱ्यावर गरगर फिरत होते! रखवालदार मधोमध होता. धूळ, दव, भोकातून करकचून आवळलेली सुतळी. इतक्या लोकांनी डोळे फोडून ज्याचा एकेक ओरखडा पुसला, त्याच्यावर एक पोपट बसून चोच घासत होता.

“प्रल्हाद! हे तुले कोनं देलं?”

“वयनीनं. पाखरं लय तरास देऊन राह्यले होते म्हनून मागाले आलो. वयनी म्हने, लग्नाच्या सीड्या मोबाइलवर टाकून झाल्या, त्या ने. तिनं तुमाले आवाजबी देला, सगळ्या देऊ का म्हनून. तुमी आतून म्हनले, दे, सगळ्या दे, मले डिस्टर्ब नोको करू!”

खरंच म्हणालो होतो. तेव्हा मी खिडकीच्या फटीला डोळा लावून शेषरावला रंगेहाथ पकडण्याच्या कामात होतो.

तबकड्या सोडून आणल्या. सुनंदानं सगळं ऐकून घेतलं, आपली चप्पल माझ्या पायातून काढून घेतली आणि एवढंच म्हणाली, “मले सांगतलं असतं त मी कोनाले सांगनार होती का?”

त्या रविवारी शेषराव आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी त्याच्या घरी गेलो, तर वहिनी दारातच म्हणाल्या, “भाऊजी, थे घरी नाईत.” मागे बाजेवर शेषरावचे पाय दिसत होते. पायांनी जराही हालचाल केली नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. तबकड्या खराब झाल्याचं दुःख होतंच, पण बाजूची खुर्ची रिकामी दिसली की यंत्र चालू करावंसंच वाटेना. मला चोर हवा होता, आणि चोर मिळवायच्या नादात मी माझा सोबती घालवला होता.

शेवटी मीच सुनंदाच्या पापडांचा डबा काखेत धरून अकोल्याच्या गाडीत चढलो. कंडक्टर तोच! “काका, डब्यात काय हाय? उघडून दाखवा बरं,” म्हणाला. अख्खी गाडी खिदळली. मी दाखवला. काय करता?

शेषरावच्या पोरीला डबा दिला, झालेला सगळा प्रकार सांगितला, हात जोडले. ती हसून हसून भिंतीला टेकली. माझ्यासमोरच बापाला फोन लावून म्हणाली, “बाबा, काकावरचा राग सोडा आता. अन् आईले सांगू नोका, पन काकूचे पापड जास्त चांगले हायेत.”

रविवारी शेषराव आला. आपल्या खुर्चीत बसला. मी रखवालदार लावला. पुसून पुसून माझी बोटं दुखली होती, तरी तबकडीला जायची ती जागा गेलीच होती. वादळ सुरू झालं, रखवालदार जिना चढायला लागला आणि पाय वर उचललेलाच राहिला. पुढं सरकवलं, तर एकदम कोर्टात कुणाची तरी साक्ष चाललेली!

“हा अठी कसा आला?” शेषराव म्हणाला.

एरवी मी ‘शू’ केलं असतं. पिक्चर चालू असताना कुणी बोललेलं मला खपत नाही. पण त्या दिवशी माझ्या अंगात अपराध्याचा नरमपणा होता. सोबतचं पुस्तक मी पाठ केलंच होतं. मी सांगायला लागलो. रखवालदार कसा चढला, दिवा कुणी विझवला, मालकाचा साळा कसा हरामखोर होता. पुन्हा अडकलं, पुन्हा सांगितलं. शेषराव खुर्ची ओढत ओढत जवळ आला. शेवटी तर त्याचे डोळे भरून आले.

“बापू,” तो म्हणाला, “इतक्या वर्सात आज पयल्यांदा पिक्चर समजला रे.”

“म्हंजे? बाकीचे?”

“एकबी नाई. थे इंग्रजी, तू बोलू देत नाई. मी म्हनो, कधी ना कधी तरी हे सीड्या घासतीन अन् सुटका होईन.”

“मंग येत काहून होता?”

“तू एकटा बसला असता ना,” तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

मी तबकडी काढून डब्यात ठेवली. पण माझ्यातला कलावंत जागा झाला होता! पुढच्या रविवारी मी सगळ्यात कमी घासलेली तबकडी निवडली, मऊ फडक्यानं पुसली, यंत्र तयार ठेवलं. शेषराव आला. सोबत वहिनी, चहावाला आणि आमचा प्रल्हादसुद्धा. सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले. मी मोठ्या ऐटीत बटनाकडे हात नेला, तर शेषरावनं माझा हात धरला.

“थे राहू दे बापू,” तो म्हणाला. “टीव्ही बंदच ठेव. तू नुसता सांग.”