रुसलेल्या नटाची बहीण

माझा भाऊ नट आहे. 'होता' म्हणायला अजून जीभ रेटत नाही. आमच्या साखरा गावच्या शाळेतल्या गॅदरिंगमध्ये टाळ्या घेणारं पोरगं मुंबईत गेलं, मालिकेत लागलं, आणि दोन सिनेमांत लोकांच्या लक्षात राहील असं काम त्यानं केलं. मी हिंगोलीत शिक्षिका. वर्गातली पोरं मला बाईंपेक्षा 'त्याची बहीण' म्हणूनच जास्त ओळखायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पण तो रुसायचा. बहिणींच्या पाठीवरचा एकुलता एक. वाटीत दूध कमी पडलं की उठून गोठ्यात जाऊन बसायचा. सगळं घर हैराण व्हायचं, शेवटी मी ताट घेऊन जायचे आणि मग तो जेवायचा. कोणी म्हणेल, तुम्हीच लाडावून ठेवला. म्हणोत बापडे. आमच्याकडे नवरदेवसुद्धा भर पंगतीत रुसतो, सासरा हात जोडत येतो, आणि नवरदेव रुसलाच नाही तर पाहुण्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. रुसलेल्या माणसाकडे कोणीतरी जातंच, हे आम्ही सगळे धरूनच चालतो.

मालिकेतही तेच चाललं. एकदा मेकअप करून सकाळपासून नुसतं बसवून ठेवलं, म्हणून हा खोलीचं दार लावून बसला. भाग दुसऱ्या दिवशी दाखवायचा होता, त्यामुळे निर्माता स्वतः दारात आला. दिवाळीत घरी आल्यावर त्यानं हे हसत हसत सांगितलं आणि आम्हीही हसलो. पुढे ते वरचेवर व्हायला लागलं. कधी संवाद कापला म्हणून, कधी हिरोची खुर्ची सावलीत आणि याची उन्हात म्हणून. काम मात्र असं करायचा की बघणारा जागचा हलू नये.

मग त्याच्या तिसऱ्या सिनेमाचं शूटिंग आमच्याच भागातल्या सिद्धेश्वर धरणावर आलं. जागा त्यानंच सुचवली होती. हिरोच्या थोरल्या भावाचं काम; धरणात मासे धरणारा हा थोरला धाकट्याला शहरात पाठवताना मिठी मारतो आणि काही बोलतो, असा प्रसंग होता. साखऱ्याहून जीप भरभरून माणसं आली. मी शाळेतून रजा काढून भाकरी, ठेचा आणि त्याच्या आवडीचं पिठलं बांधून नेलं.

डायरेक्टर वयानं भावापेक्षा लहान, आवाज न चढवणारा. त्यानं ऐनवेळी सांगितलं, की ती वाक्यं आता हिरो बोलेल, थोरल्यानं गप्प राहायचं. सगळ्या गावासमोर सांगितलं. भावाला राग यायलाच हवा होता, मी अजूनही तसंच म्हणते. त्यानं डोक्याचा टॉवेल जमिनीवर फेकला आणि तो गाडीत जाऊन बसला.

मी उठलेच होते. प्रॉडक्शनचा एक वयस्कर माणूस आडवा आला.

"तुम्ही बहीण ना? आत्ता नका जाऊ. काम चांगलंच करतात ते, वादच नाही. पण रोज यांची समजूत काढण्यात आमचा दिवस जातो. मागच्या युनिटवाल्यांनी आधीच सांगितलं होतं आम्हाला."

म्हणजे भाऊ पोचायच्या आधी त्याचा रुसवा तिथे पोचला होता.

कपडेपटातल्या बाईनं पेटीतून एक चौकड्यांचा शर्ट काढला, भावाच्या अंगावर होता अगदी तसाच. कपड्यांचा एक जोड ही माणसं नेहमी जास्तीचा ठेवतात, हे मला तेव्हा कळलं. लाइट उचलणाऱ्यांपैकी भावाच्या अंगलटीचा एक माणूस शोधून त्याला तो शर्ट घातला, जमिनीवरचा टॉवेल झटकून त्याच्या डोक्याला गुंडाळला आणि त्याला कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा केला.

मी धावतच गाडीशी गेले. भाऊ आरशात बघून केस ठीक करत होता. त्यानं काच खाली केली.

"अक्का, कोन येऊन राहिलं? डायरेक्टर का?"

"तू चाल बरं. उतर खाली."

"असा न्हाई येत. त्यायनं यावं. माह्या गावासमोर माह्ये डायलॉग काढतेत! थांबू दे त्यायला जरा."

मी गाडीचं दार उघडायला गेले. तेवढ्यात पाण्याच्या बाजूनं टाळ्यांचा आवाज आला.

"काहून टाळ्या वाजून राहिल्या?"

"सीन झाला."

"कोनाचा?"

"तुहा."

तो आधी हसला. मग मान वळवून त्यानं तिकडे पाहिलं. त्याच्यासारखा शर्ट घातलेला माणूस हिरोशेजारी उभा राहून पाणी पीत होता. डबा मी तसाच घरी परत नेला.

सिनेमा हिंगोलीत लागला तेव्हा सगळं गाव बघायला गेलं. त्याच प्रसंगाला बायका पदर डोळ्याला लावत होत्या. बाहेर आल्यावर गावातल्या एका काकांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. "काय काम केलं रे पोरा! तोंड न दावता रडवलं बग." भाऊ "व्हय" म्हणाला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यानंतर काम आलंच नाही. कोणी भांडलं नाही, कोणी तोडून बोललं नाही, सगळे गोडच बोलायचे, "नक्की कळवतो." एका ठिकाणी तर कपड्यांची मापं घेतली होती, मग त्यांनी कुठेतरी विचारपूस केली आणि फोन बंद झाले. तो दारोदार जाऊन माफी मागून आला. त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी मुंबईची खोली सोडून तो साखऱ्याला आला आणि दिवसभर फोन उशाशी ठेवून पडून राहू लागला. पुढे काही चांगलं होईल असं मला आता वाटत नाही. लोकांना सांगताना मी वेगळं सांगते.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. मामाचा मान पहिला, आणि गडबडीत त्यालाच पंगतीला बोलवायचं राहिलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा पहिली पंगत उठत होती. चूक माझीच होती, पण आतून बरंही वाटलं. आता रुसेल, मागे कुठेतरी जाऊन बसला असेल. ताट वाढून घेऊन मी मंडपामागे गेले. तिथे तो नव्हता. तो वाढप्यांमध्ये होता, बादली घेऊन पाहुण्यांना भात वाढत होता.

तो शेवटच्या पंगतीला बसला. तोवर वरण संपलं होतं. जिलेबी होती, भाजी होती, पण मी मुद्दाम त्याच्या ताटात नुसता गार भात टाकला आणि समोर उभी राहिले. ढकल ते ताट, मनातल्या मनात ओरडत होते मी, ऊठ, जा कुठेतरी तोंड फिरवून बस, मी येते तुझ्यामागे.

त्यानं भातावर थोडं पाणी घेतलं. "बस झालं अक्का एवढं," म्हणाला, आणि खाली मान घालून जेवायला लागला.