मोठ्या गाडीचा जोड

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. कुणी विषय काढला की मी पिकापाण्याचं बोलायला लागायचो, नाहीतर उठून बाहेर जायचो. आता आम्हा तिघांपैकी मी एकटाच उरलो आहे. आणि येरमाळ्याच्या बाजूला अजूनही म्हातारी माणसं सांगतात, की मिस्त्रीच्या कच्च्या जोडानं एका तरण्या पोराचा हात गेला. ते खरं नाही.

मोठी लढाई संपली होती, आमच्याकडं निजामाचं राज्य अजून चालू होतं. पलीकडं बार्शी-सोलापूरच्या इंग्रजी मुलखात लष्करानं मोडीत काढलेल्या मोटारसायकली मिळू लागल्या. तशा दोन लहान गाड्या आमच्याकडं आल्या. एक माझी आणि एक मिस्त्रींची. मिस्त्री लॉऱ्या दुरुस्त करायचे. वयानं आमच्याहून मोठे, अंगानं किडकिडीत, आणि स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करायचे. दुसऱ्या कुणी केली तर आणखी ऐकायला थांबायचे. तिसरा माझा मित्र, लिंगायत कापडदुकानदाराचा मुलगा. आई गुलबर्ग्याकडची, म्हणून राग आला की तो कानडीत बोलायचा. त्याच्याकडं गाडी नव्हती. तो कधी माझ्या मागं बसायचा, कधी मिस्त्रींच्या.

आम्ही ईटला जायचो, कळंबला जायचो, काही काम नसताना. आमचा एक नियम होता. फाटा आला की पुढच्यानं थांबायचं आणि मागच्याची धूळ दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एकदा माझा टायर फुटला तर मिस्त्री फाट्यावर उन्हात बसून राहिले. मी पोचलो तेव्हा एवढंच म्हणाले, "या नवाबसाब. जेवण करून निघालात वाटतं."

मोठी गाडी बांधायची कल्पना मित्राची. दोघं बसतील, सामान मावेल आणि सकाळी निघून अंधार पडायच्या आत हैदराबाद गाठेल अशी. इंजिन त्यानंच बार्शीहून बैलगाडीत आणलं, दोन सिलिंडरचं, एका माणसाला न उचलवणारं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर कारकुनानं विचारलं, हे काय? मित्र म्हणाला, विहिरीवर बसवायचं इंजिन आहे. कारकुनानं शेजारी पडलेल्या हँडलाकडं पाहिलं आणि विचारलं, "विहीर कुठं पळून जाणार हाय का?" मग हसत गाडी सोडली.

आमच्या मळ्यातल्या पडवीत काम सुरू झालं. सामानाच्या पिशव्या जुन्या मोटेच्या चामड्याच्या शिवून घेतल्या. दोन टाक्या एकत्र करून एक केली. अडचण होती मोडीतून आणलेल्या सांगाड्याची. एवढं इंजिन त्यात बसेना, म्हणून हँडल बसतं त्या पुढच्या मानेजवळ नळी कापून मध्ये तुकडा घालावा लागला. लोहाराकडून आणलेल्या भट्टीत तापवून, धातू धरावा म्हणून टाकणखार लावून मिस्त्रींनी तिथं पितळेचा जोड केला. पितळ पाण्यासारखं फिरलं तेव्हा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बघून घ्या मियाँ. हैदराबादपर्यंत या जोडाला पसीना आला तर माझं नाव बदला." मग सगळी मान गरम राखेत पुरली आणि मला बजावलं, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सावकाश गार होऊ दे. आणि ते घरी गेले.

मला दम निघेना. मित्र संध्याकाळी येणार होता. त्याला जोडलेला सांगाडा दाखवायचा होता. आमच्याकडं बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना मी लहानपणापासून बघत आलो होतो. धाव लाल तापवायची, चाकावर ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळून बसते. मला वाटलं, लोखंड ते लोखंड. पाण्यानं जोड उलट पक्काच होईल. मी राख बाजूला केली आणि घागरभर पाणी मानेवर ओतलं. वाफ झाली, थोडा कडकड आवाज आला. पुसून पाहिलं तर जोड चकचकीत दिसत होता.

सकाळी मिस्त्रींनी विचारलं, "राख कुणी काढली?"

"म्याच काढली," मी म्हणालो. "गार झाली होती."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. जोड कानशीनं घासला, रंग दिला. पुढं गाडी उभी राहिली, कळंबपर्यंत नीट जाऊन आली, आणि मीही पाणी विसरून गेलो.

हैदराबादला निघालो त्या सकाळी मोठ्या गाडीवर मित्र एकटाच होता. आम्ही दोघं आपापल्या लहान गाड्यांवर मागं. येडशीच्या घाटात उतारावर तो वळणाआड गेला. आम्ही वळलो तेव्हा गाडी दोन ठिकाणी पडली होती, पुढचं चाक एकीकडं आणि बाकी सगळं एकीकडं. तो खडीत पडला होता, उजवा हात इंजिनाखाली. आम्ही दोघांनी इंजिन उचललं. कसं उचललं ते आठवत नाही.

तो वाचला, पण हात कोपरापासून गेला. त्याचे वडील मळ्यात आले, तेव्हा गावातली माणसंही जमली होती. कुणाची चूक, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी तुटलेली मान हातात घेतली होती. तुटलेल्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. स्वतःची एवढी तारीफ करणारा माणूस, मला वाटलं आता भांडेल.

"जोड माझाच हाय," ते म्हणाले. "माझाच तुटला."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. पाणी पडून जोड तडकला हे मला तेव्हाच कळलं, पण पाण्याचं मी सांगितलं नाही.

लॉरीवाल्यांनी त्यांना काम द्यायचं बंद केलं. मित्र त्यांना कधी एक शब्द बोलला नाही. उलट आपल्या वडिलांवर कानडीत ओरडला. पण त्यानं काम परत आलं नाही. मिस्त्री बायकापोरांना घेऊन सोलापूरला गेले आणि एका गिरणीत यंत्रांना तेल घालायच्या कामावर लागले.

पुढं राज्य गेलं, बरंच काही झालं. बऱ्याच वर्षांनी मी ठरवून सोलापूरला गेलो. मिस्त्री थकले होते, पण मला बघून खूश झाले. हॉटेलात नेऊन चहा पाजला. मित्राची चौकशी केली. डाव्या हातानं तो दुकान चालवतो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "अजून विचार करतो मियाँ. पितळ कमी पडलं का भट्टी कमी पडली, कळत न्हाय."

मी म्हणालो, जाऊ द्या मिस्त्री, जुनी गोष्ट आहे.

एवढं बोलून मी बस पकडली. पुन्हा जाईन म्हणत राहिलो, तोवर ते गेल्याची बातमी आली. मित्रालाही सांगायचं राहिलं. तोही गेला.

सोलापूरला जाताना बसमध्ये मी शब्द जुळवले होते. मिस्त्री, तुमचा जोड पक्का होता. पाणी मी ओतलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. मला माफ करा.