साहेबांना कुठे उतरवायचं?

हॉटेल स्वतःसाठी निवडलं आणि फसलं, तर माणूस गप्प बसतो. दुसऱ्यासाठी निवडून फसलं की त्याचा किस्सा होतो. आमच्याकडे असे किस्से इतके साचले आहेत, की कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी कुणी "जबलपूरला चांगलं हॉटेल कोणतं हो?" असं विचारलं, की बायको आधी गॅस बंद करून येते.

लढाईची वर्षं होती. आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तीन पाळ्यांत काम चाले. दिल्ली, कलकत्ता, पुणे, सगळीकडून साहेब लोक तपासणीला यायचे. फॅक्टरीचं गेस्ट हाऊस केव्हाच भरलेलं. उरलेल्यांना शहरात कुठे उतरवायचं, हे ठरवायला ऑफिसात एक सेक्शन होतं. सेक्शन म्हणजे बोंदरेजी आणि मी, आणि जीप चालवायला दुबेजी. बोंदरेजी आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, मूळचे अमरावतीकडचे, रिटायरमेंटला टेकलेले. माझी नोकरी नवी होती.

*

हॉटेल पास करायची बोंदरेजींची एक पद्धत होती. ते बाथरूम पाहत नसत, जेवण चाखत नसत. सरळ खोलीत जाऊन जोडे काढायचे आणि पलंगावर आडवे व्हायचे. झोप लागली तर हॉटेल पास. "साहेबाले झोप पाहिजे," ते मला समजवायचे, "बाकी सारं तो घरून घेऊन येते."

अडचण अशी, की आम्ही हॉटेलं पाहायला नेहमी जेवण झाल्यावर निघायचो. त्या वेळी बोंदरेजींना जीपमध्येसुद्धा झोप लागायची. त्यामुळे जबलपुरातलं एकही हॉटेल नापास होईना. मी आणि हॉटेलचा मालक खुर्च्यांवर बसून त्यांचं घोरणं ऐकायचो आणि मालक खूश होत जायचा.

शेवटी मी भीतभीत सुचवलं, की एखादं हॉटेल सकाळी पाहू. गेलो. बोंदरेजी आडवे झाले आणि लगेच उठून बसले. मान खाजवली, पाठ खाजवली, उशी उचलली. उशीखाली ढेकणांचं अख्खं खटलं. मला वाटलं, आज पहिल्यांदा नापास होणार.

बोंदरेजींनी जोडे घातले आणि म्हणाले, "दुपारी चांगलं हाय हे."

*

कलकत्त्याच्या एका साहेबांनी कळवलं, की खोलीतून नदी दिसली पाहिजे. आता नर्मदा शहरापासून लांब. पण 'नर्मदा दर्शन' नावाचं एक हॉटेल बाजारात होतं, तेव्हा बोंदरेजींनी नावावर विश्वास ठेवला.

साहेबांनी खिडकी उघडली तर समोर हातभर अंतरावर शेजारची भिंत. तिच्यावर मालकानं पेंटरकडून नर्मदा काढून घेतली होती. घाट, दोन नावा, मागे संगमरवरी कडे. साहेबांनी मालकाला बोलावून घेतलं. मालकानं हात जोडून सांगितलं, की नावात 'दर्शन' आहे, स्नान नाही, आणि दर्शन तर होतंच आहे.

साहेब भला माणूस. त्यांनी बराच वेळ चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाले, की नदीत मासा नाही.

पुढल्या तपासणीला ते आपणहून त्याच हॉटेलात उतरले. खिडकी उघडली. मालकानं नावेएवढा एक रोहू काढून ठेवला होता.

*

पुण्याच्या साहेबांना शांतता हवी होती. कागदपत्रं वाचायची होती आणि जराही आवाज सहन होत नव्हता. बोंदरेजींनी यावेळी मनापासून मेहनत घेतली. बाजार नको, स्टेशन नको, देऊळ नको. शहराच्या पार टोकाला, शेतांच्या कडेला, एक नवं लॉज शोधलं. आम्ही तिथे बसलो तर पानसुद्धा हलत नव्हतं.

साहेब येऊन राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारपूस करायला गेलो, तर ते व्हरांड्यात उभे. तेवढ्यात दूर मोठा धडाका झाला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. थोड्या वेळानं दुसरा. साहेब लालबुंद झाले. त्यांनी मालकाला जाब विचारला, की हा आवाज कुणाचा आणि तो बंद कसा होत नाही.

मालक गरीब माणूस. तो बोंदरेजींकडे पाहायला लागला. बोंदरेजी शेताकडे. तोफगोळ्यांच्या चाचणीचं मैदान तिकडेच होतं, आणि चाचण्या वाढवायचा हुकूम याच साहेबांच्या ऑफिसातून आला होता.

शेवटी मालक हळूच म्हणाला, "आप ही का है, साहब."

*

'प्रकाश लॉज' हे आमचं भरवशाचं ठिकाण. पण ब्लॅकआऊट सुरू झाला आणि एके दिवशी ते सापडेचना. भर दुपारी दुबेजींनी त्याच गल्लीत जीप फिरवून फिरवून पेट्रोल जाळलं. मागे बसलेल्या साहेबांना वाटलं, आम्ही त्यांना शहर दाखवून राहिलो.

अखेर मालक चौरसियाजी दारात दिसले. डोक्यावरची पाटी डांबरानं काळीकुट्ट केलेली. बोंदरेजींनी विचारलं, "काहून हो, हे काय केलं?"

चौरसियाजींनी सांगितलं, की मोहल्ल्यात हुकूम फिरला आहे: प्रकाश बाहरसे दिखना नहीं चाहिए.

*

आता गुप्ता साहेबांचं सांगतो.

लढाई पेटली तसा वरून आदेश आला, की येणाऱ्या साहेबांचं नाव कुणाला सांगायचं नाही, गेटवरही विचारायचं नाही. बोंदरेजींनी स्टेशनजवळच्या हॉटेलात फोन केला. मॅनेजरनं नाव विचारलं. बोंदरेजी म्हणाले, नाव गुप्त है. मॅनेजरनं लिहिलं, गुप्ता. बोंदरेजींना ही सोय इतकी आवडली, की तेव्हापासून येणारा प्रत्येक साहेब गुप्ता झाला.

एका सकाळी दुबेजींनी हॉटेलात जाऊन "गुप्ता साहब?" अशी हाक दिली. भरल्या अंगाचे, कोसा रेशमाची टोपी घातलेले एक गृहस्थ उठले, म्हणाले, हम तो कबसे तैयार बैठे हैं, आणि जीपमध्ये बसले. गेटवर सलाम झाला. पॅकिंग शेडच्या मोठ्या साहेबांनी त्यांना पेट्या दाखवल्या. पेट्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते विचारत होते, काम पक्कं आहे ना? पगार वेळेवर होतो ना? लढाई संपल्यावर हे बंद तर नाही पडणार? मोठे साहेब घाम पुसत उत्तरं देत होते. असे खोल प्रश्न आजवर कुठल्या तपासणीत आले नव्हते.

चहा आला. गुप्ता साहेब मोठ्या खुर्चीत बसले. तेवढ्यात दारात एक किडकिडीत, चिडलेले गृहस्थ उभे राहिले. दिल्लीचे इन्स्पेक्टर आपणच, आणि आपल्याला सायकल रिक्षानं यावं लागलं, असं ते सांगू लागले.

शेजारी उभ्या बोंदरेजींनी माझा हात धरला. लढाईच्या दिवसांत परका माणूस फॅक्टरीच्या आत, आणि आणला आम्ही. बोंदरेजींची पेन्शन तर गेलीच, मला तुरुंगाचं दार दिसायला लागलं.

इन्स्पेक्टरांनी खुर्चीकडे पाहून विचारलं, हे कोण?

"गुप्ता साहेब," मोठे साहेब म्हणाले. "सकाळपासून सगळं पाहून राहिले."

ती खुर्ची, तो चहा, भोवती हात बांधून उभे असलेले ऑफिसर. इन्स्पेक्टरांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, साहेबांचं मत काय पडलं?

गुप्ता साहेबांनी बशी खाली ठेवली. "देखिए, हमारी तरफ़ से तो हाँ है."

"तो फिर मैं कौन होता हूँ," असं म्हणून इन्स्पेक्टरांनी पेन काढलं आणि उभ्याउभ्याच सगळा माल पास केला.

गुप्ता साहेबांना आम्ही जवळजवळ उचलूनच जीपमध्ये घातलं. दुबेजींनी जीप गेटबाहेर काढली. मग बोंदरेजींनी आवाज जमेल तितका गोड करून विचारलं, आपण कुठले?

ते म्हणाले, सिहोऱ्याचे, गल्ल्याचा, म्हणजे धान्याचा, व्यापार आहे. घरातलं हे पहिलंच लग्न, मुलीचं. एवढा मान होईल असं वाटलं नव्हतं, लोक फारच चांगले भेटले.

मग ते बोंदरेजींच्या कानाशी झुकले.

"बाकी सब ठीक है, भैया. पर इनमें लड़का कौन-सा था?"