आधी चौकशी!

हसणार असाल तर चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. मी जी माती खाल्ली, तशी अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसऱ्या कोणी खाल्ली नसेल!

लढाईचे दिवस. मी नगरला मिशनच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर. चर्चच्या तरुण मंडळात माझं भाषण होतं, एका प्रसिद्ध इंग्रजी शोकनाटकातल्या प्रेमिकांवर. त्या दोघांची मी अशी सालटी काढली म्हणून सांगू! "आज ओळख, उद्या लग्न आणि आठवड्याच्या आत विष? अरे, ती मेलेली दिसली की लगेच बाटली तोंडाला? नाडी बघ! नाकापुढे सूत धर! कोणाला तरी विचार!" लोक हसून लोळले.

मुलींच्या शाळेतल्या करुणाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. आमचं एकमेकांत ठरल्यातच जमा होतं; सुट्टीत शेवगावला जाऊन त्यांच्या वडिलांना विचारायचं, एवढंच बाकी. त्या उठून म्हणाल्या, "मास्तर, त्याच्या जागी तुम्ही असता तर?"

"मी? मी आधी चौकशी केली असती!"

काय टाळ्या पडल्या!

सुट्टी लागली. नवा कोट चढवून मी शेवगावची मोटार धरली. पेट्रोल मिळेना म्हणून ती कोळशावर चालायची. उतरलो तेव्हा कोट काळा आणि मी कोटाहून काळा. तसाच करुणाबाईंच्या फाटकाशी गेलो. बघतो तर काय? दारात मांडव, वाजंत्री आणि ओसरीवर करुणाबाई, तोंडभर हळद माखलेल्या!

संपलं. मी तिथूनच मागे फिरलो, तो थेट मोटारीकडे.

"अवो मास्तर, आत्ताच उतारला न्हवं?" ड्रायव्हर म्हणाला. "कुनी गेलं का काय?"

"गेलं," म्हणालो आणि नगर येईपर्यंत रडलो.

घरी आत्याबाई वर्षभर एका संगमनेरच्या मुलीसाठी माझ्या मागे लागल्या होत्या. मी दारातूनच ओरडलो, "ती मुलगी मला पसंत!"

"आरं, पर तू पोरगी पाह्यली कुठं?"

"नाही पाहिली तरी चालेल!"

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्न ठरलं की चर्चमध्ये जाहीर करतात आणि कोणाची हरकत आहे का, विचारतात. हरकत कोणी घेत नसतं. सुट्टी संपल्यावर पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी माझं नाव वाचलं, हरकत विचारली आणि बायकांच्या बाजूने आवाज आला, "आहे!"

करुणाबाई! अंगावर नव्या नवरीची एक खूण नाही.

"लग्न माझ्या चुलत बहिणीचं होतं, पाळकसाहेब. उरलेली हळद घरातल्या बिनलग्नाच्या मुलींना फासतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. माझ्या भावाने यांना फाटकाशी पाहिलं, हाका मारल्या. नाटकातला तो बिचारा निदान थडग्याच्या आत तरी गेला होता. हे फाटकावरूनच परतले!"

अख्खं चर्च खदखदलं. संगमनेरकरांनी सोमवारीच नकार कळवला. मी करुणाबाईंची माफी मागायला गेलो.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "विष पिणाऱ्याशी मी एक वेळ संसार केला असता. न विचारता पळणाऱ्याशी कसा करू?"

पुढच्या वर्षी त्याच चर्चमध्ये त्यांचं लग्न जाहीर झालं, राहुरीच्या एका कंपाउंडरशी. हरकत विचारताना पाळकसाहेबांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. साऱ्या माना वळल्या. आतून तुटत होतं, पण मी गप्प बसलो. काय करणार? या खेपेला मी आधी चौकशी केली होती. मुलगा खरंच चांगला होता हो!