रिकाम्या घरातलं आधण

मला राग लवकर येतो, तेव्हाही यायचा. लग्न होऊन सोलापुरात आले आणि सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल, तर सासूबाईंच्या देवाचा.

गिरणी बंद पडून दीड महिना झाला होता. नवरा सांगोल्याकडे रस्त्यावर खडी फोडायला गेलेला. त्याच्याकडून काही आलंच, तर ते बाजाराच्या गाडीबरोबर यायचं. आणि श्रावणाची झड अशी लागली की गाड्याच थांबल्या. घरात मी, सासूबाई आणि माझा दोन महिन्यांचा पोरगा. ज्वारी आदल्या दिवशी संपली. माझं दूध आटायला लागलं होतं. पोरगा ओढून ओढून दमायचा आणि मग रडायचा. त्याचं रडणं ऐकून माझा जीव तुटायचा.

अशात दुपारी सासूबाईंनी चूल पेटवली आणि पातेल्यात आधण ठेवलं.

"आत्याबाई, शिजवायचं काय? गोवऱ्या?"

"आधण ठिवायचं आपलं काम. पीठ द्यायचं त्याचं."

"व्हय की! असंल माझा हरी तर दिईल खाटल्यावरी!"

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "खाटंवर कोण बसलंय गं? मी तर चुलीम्होरं बसलीया."

खरं होतं ते. ही बाई कधी बसलीच नाही. गिरणी बंद पडल्यापासून पाटी घेऊन बैलगाड्यांमागे शेण गोळा करत हिंडायची. गोवऱ्या थापून, वाळवून तिने आतल्या खोलीत पार आढ्यापर्यंत रचल्या होत्या. आम्हाला पाय पसरायला जागा उरली नव्हती. "पोटाला न्हाय आन् जळणाची कोठारं भरली," असं मी रोज कुरकुरायचे.

आधण खळखळायला लागलं. मी पोराला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले आणि मनातल्या मनात देवाला शिव्या घातल्या. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात शेजारची तेलुगू बाई दारात आली. त्यांच्या घरात माग होता, हाताला थोडंफार काम होतं. पदराखाली परात झाकलेली.

"तुमचा धूर दिसला," ती अवघडून म्हणाली. "आमच्यात पीठ हाय, पण लाकडं समदी भिजली. पोरं सकाळपासनं उपाशी हायत. तुमच्या चुलीवर चार भाकरी करू का? एक तुमी ठिवा."

"चारच का? समद्या कर की!" सासूबाई म्हणाल्या आणि उकळतं आधण तिच्या पिठात ओतलं.

मी आ वासून बघत राहिले. पहिली भाकरी टम्म फुगली, तिचा वास घरभर गेला आणि मला रडूच फुटलं. सासूबाईंनी ती शेजारणीच्या शेंगाचटणीबरोबर माझ्यापुढे ठेवली. "आदी तू खा. तुझ्या पोटात गेलं तर त्याच्या पोटात जाईल."

दुसऱ्या दिवशी सहा घरच्या परातींची आमच्या दारात रांग! कुणी एक भाकरी ठेवून जाई, कुणी दोन, कुणी वाटीभर पिठलं. भाकरी थापून थापून माझे तळवे लाल झाले. तरी संध्याकाळी मी आपलं खोचकपणे विचारलंच, "आन् कुणीच आलं नसतं तर?"

"तर ऊन पाणी पिऊन निजलो असतो. पण चूल इझवून बसायचं आन् देव आला न्हाय म्हणून त्यालाच शिव्या द्यायच्या, ह्ये मला जमायचं न्हाय."

माझ्या मनातल्या शिव्या या बाईला कशा ऐकू गेल्या, कोण जाणे. मी लाजून मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत असताना पोरगा रडला, आणि मी उठायच्या आत माझी चोळी भिजली. त्याला छातीशी धरलं तर त्याला गिळवेना, इतकं दूध! गालावरून ओघळत होतं. दारात बायका उभ्या होत्या, पण मला कसली लाज आणि कसलं काय! मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "आत्याबाई, आलं की वो! दूध आलं!"