लिंबाजी पाया पडला

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी खुशाल टर उडवायचो. पण ही गोष्ट आमच्याच घरात, भर दुपारी घडली... आता टर कुणाची उडवू?

आम्ही भोकरदनचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. थोरल्या दादाला व्हिडिओ गेमचं भारी वेड. जालन्याला गेला की पार्लरमध्ये निंजाचा गेम खेळल्याशिवाय परतायचा नाही. पुढे तोच गेम कॅसेटमध्ये मिळाला, तेव्हा टीव्हीला जोडायचा सेटच घेऊन आला. लग्न झालेला माणूस, पण खेळायला बसला की जेवणाची शुद्ध नसायची. 'निंजा' हा शब्द त्याच्या तोंडात बसेना, म्हणून तो त्याला 'लिंबाजी' म्हणायचा. शेवटचा धिप्पाड गडी समोर आला की लिंबाजीला दोनदा खाली बसवून उठवायचा. म्हणायचा, "मोठा माणूस दिसला की आधी पाया पडावं, मंग हाणावं." वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या.

मग दादा ट्रकवर ड्रायव्हर म्हणून सुरतेकडे गेला आणि... गेलाच. ना फोन, ना निरोप. काही वर्षं शोधून थकलो. शेवटी भावकीतली मोठी मंडळी म्हणायला लागली, आता सुनेनं कुंकू पुसावं. रविवारी बसून ठरवायचं होतं.

शनिवारी दुपारी मन लागेना म्हणून मी सेट काढला. वहिनी मागे डाळ निवडत होत्या. चुकून दोन खेळाडूंचा गेम सुरू झाला. माझा लिंबाजी मेला, दुसऱ्याची पाळी आली. दुसरा रिमोट तर वायर उंदरांनी कुरतडल्यापासून माळ्यावर पडलेला. मी माझा रिमोट खाली ठेवून सेट बंद करायला उठलो — आणि लिंबाजी चालायला लागला. उड्या मारत, वार चुकवत, अगदी सराईतासारखा. धिप्पाड गड्यासमोर थांबला. खाली बसला, उठला. परत बसला, उठला.

"भावजी, तुमीच खेळून राह्यले ना?"

मी रिकामे हात दाखवले. तेवढ्यात लाईट गेली.

वहिनींनी डाळ बाजूला सारली. म्हणाल्या, "तेच व्हते. पण जित्ता माणूस असा येतो का? कुंकू ठेवू का पुसू, बराबर सांगा."

रविवारी भावकीनं विचारलं, तेव्हा मी "दादा आहे" म्हणून बसलो. कशाच्या जोरावर, देव जाणे.

नंतर सेट जालन्याच्या मेकॅनिकला दाखवला. तो म्हणाला, "बिघडला तर आपोआप हालतंय कधीमधी. पण पाया कशाला पडन?" कुणा जाणकाराला काही सुचत असेल तर जरूर सांगा. मला तर काही म्हणजे काही कळलेलं नाही.

दादाची खबर अजून नाही. वहिनींचे केस पिकले. रोज सकाळी आरशासमोर कुंकवाचं बोट कपाळाशी नेऊन त्या थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. मग त्या कुंकू लावतात.