गाडी परत येईपर्यंत

अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावच्या बिल्डिंगमधले काका पूर्वी दुबईहून पर्यटकांना गाडीने वाळवंट आणि जुने किल्ले दाखवायला न्यायचे. अजूनही कुणी नुसतं दूध आणायला निघालं तरी विचारतात, “पाणी घेतलंस ना?” मी वैतागायचे.

जानेवारीत आई पहिल्यांदाच एकटी विमानाने येत होती, आणि माझी गाडी पार्किंगमध्येच बर्फात रुतली. काका चपलांवरच धावत आले. खाली बसून त्यांनी चाकांतली थोडी हवा सोडली.

“वाळू काय, बर्फ काय! हवा कमी केली की चाक पकड घेतं. हळू काढ. पंपावर परत हवा भर.”

गाडी निघाली.

आईला घेऊन परतले, तर काका लॉबीत बसलेले. पायांत त्याच ओल्या चपला.

“काका, वर नाही गेलात?”

“गाडी परत आल्याशिवाय जायचं नसतं,” म्हणत त्यांनी आईपुढे पाण्याची बाटली धरली.